टाळ्या कोणाच्या?

गेल्या महिन्यात डेमोनंतर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. निम्मा कोड ज्युनिअर सहकाऱ्याचा होता. मी गप्प बसलो.

परवा विल्यम बॉलकम यांची 'कॅबरे साँग्ज' ऐकत होतो. एकूण 24 गाणी. शब्द अरनॉल्ड वाइनस्टाइन यांचे, संगीत बॉलकम यांचं, आणि आवाज त्यांच्या पत्नीचा, मेझो-सोप्रानो जोन मॉरिस यांचा. गाणी लिहिली गेली तीच हा आवाज कानात ठेवून. मग ती नेमकी कोणाची? गायिका फक्त गाते, असं इथे म्हणता येईल का?

कोणाचा वाटा किती, हे मोजता येत नाही, हे खरंच. पण म्हणून सांगायचंच नाही, ही पळवाट झाली. नाव घ्यायला मोजमाप लागत नाही.

आज टीमच्या ग्रुपवर त्याचं नाव लिहिलं. महिनाभर उशिरा.