संकल्पाविना काशी

ज्याने संकल्प सोडलेला नाही, ज्याला कोणाच्या अस्थी गंगेस पोहोचवावयाच्या नाहीत आणि पुण्यसंचयाची निकड ज्यास अद्याप भासलेली नाही, अशा चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यास काशीदर्शनाचे काही फल आहे काय, हा प्रश्न दिवाळीच्या सुटीत नववीच्या मुलामुलींना घेऊन इटारसी-जबलपूरमार्गे वाराणसीस जाताना माझ्या मनात घोळत होता. शास्त्रदृष्ट्या उत्तर नकारार्थी यावे; कारण यात्रेकरूच्या अंगी श्रद्धा हवी, आणि शाळेच्या हजेरीपटात नाव लागले म्हणून सवलतीच्या तिकिटावर आलेल्या मुलाच्या ठायी ती गृहीत धरण्याची मुभा आपणांस नाही.

मराठी माणसाला काशी परकी नाही. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी 1780 मध्ये उभारले, 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट इथलेच, नाथांचे भागवत पूर्ण झाले तेही याच नगरीत. परंतु हा वारसा मुलांच्या गावी नव्हता. त्यांच्यापुढे होते ते केवळ एक अनोळखी शहर, आणि त्या शहरात मरण भर रस्त्याने, मोठ्याने रामनाम घेत, बांबूच्या तिरडीवरून त्यांच्या खांद्याला खांदा घासून जात होते.

मणिकर्णिकेच्या वरच्या अंगाला सरणाची लाकडे विकतात. तिथे माणसाच्या उंचीचा तराजू टांगलेला असतो. एका पारड्यात वजने, दुसऱ्यात ओंडके, आणि शेजारी नुकतेच मुंडन केलेला, पांढरे वस्त्र नेसलेला मुलगा काटा स्थिरावण्याची वाट पाहत उभा. आमची मुले तिथे थबकली. बऱ्याच वेळाने एका मुलीने विचारले, “सर, ज्यांच्याकडे लाकडापुरते पैसे नसतील, त्यांना मोक्ष कमी मिळतो का?”

परंपरेचा सिद्धांत असा की, काशीत यमाचा अंमल चालत नाही. कोतवाली काळभैरवाकडे आहे, आणि मरणाऱ्याच्या कानात तारकमंत्र सांगताना शंकर राव-रंक असा भेद करीत नाही. जिथे मुक्ती विनामूल्य, तिथेच लाकूड मात्र तोलून घ्यावे लागते, ही विसंगती आयुष्यभर पोथ्या वाचणाऱ्यांच्याही नजरेतून निसटते. त्या मुलीने ती प्रथमदर्शनीच हेरली.

तेव्हापासून मला कठोपनिषदातला नचिकेता आठवत राहिला. सर्वस्वाचे दान करण्याचा यज्ञ पित्याने मांडलेला, आणि दानासाठी चाललेल्या गाई अशा की, त्यांचे पाणी पिऊन झालेले, गवत खाऊन झालेले आणि दूधही आटलेले. हे दृश्य पाहताच त्या कुमाराच्या अंतरी श्रद्धेने प्रवेश केला असे उपनिषद सांगते, आणि श्रद्धेने प्रवेश केल्यावर तो नमस्कार करीत नाही, तर पित्याला प्रश्न विचारतो. श्रद्धेचे इतके निर्भय चित्र माझ्या वाचनात दुसरे नाही. दानाचे मोल आणि दात्याची दानत यांत पडलेले अंतर त्याला साहवेना. तराजूपाशी उभ्या राहिलेल्या त्या मुलीलाही याहून निराळे काय खुपले होते? तेव्हा जिला मी श्रद्धाहीन समजावे, तीच या नगरीत खऱ्या अधिकाराने आली होती, असे मला म्हणावे लागते.

मी तिला कबीरांविषयी सांगितले. काशीत विणकाम करीत ज्यांनी आयुष्य घालविले, ते अखेरीस मगहरला गेले. आणि तिथे मरणाऱ्यास गाढवाचा जन्म येतो, अशी तर लोकसमजूत होती. मुक्ती भूमीच्या अधीन असेल तर भक्तीला अर्थ काय उरला, हा प्रश्न त्यांनी आपला देह पणाला लावून विचारला. मला स्वतःला तीर्थाचे माहात्म्य मान्य आहे. मात्र ते मातीत आहे तितकेच, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी आपले शोक आणि आपल्या शंका इथे आणून ठेवल्या, यातही आहे. कबीरांच्या जाण्याने काशी उणी झाली नाही. त्यांचा प्रश्नही तिच्याच पदरी जमा झाला.

मुलीचे समाधान झाले नाही. तिने पुन्हा विचारले, “मग लाकडाचे पैसे कोण देणार?” याला तत्त्वज्ञानात उत्तर नव्हते.

नचिकेत्याला प्रश्नापासून वळविण्यासाठी यमाने हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य, सारे देऊ केले होते. त्या दिवशी दुपारी रामनगरचा किल्ला पाहावयाचा, असे आमच्या कार्यक्रमात नमूद होते, आणि नावही ठरलेली होती. मी नावाड्याला दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले, आणि आम्ही तिथेच पायऱ्यांवर बसून बोलत राहिलो.