भाषेला शाळेत काम काय?

टेक्सासमधल्या मार्फा या गावात १९५४ साली एका भाषेचं दफन झालं. ब्लॅकवेल ही तिथली मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठीची वेगळी शाळा. मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले, चिठ्ठ्या पेटीत घातल्या आणि पेटी ध्वजस्तंभाजवळ पुरली. शाळेत स्पॅनिश बोललं की मार बसायचा, असं तिथे शिकलेल्यांनी पुढे सांगून ठेवलं आहे.

त्याच टेक्सासात आज इंग्रजी बोलणारे आईबाप आपल्या पोरांना पहिलीपासून स्पॅनिशच्या वर्गात घालायला धडपडतात. भाषा तीच. मग बदललं काय? सोपं उत्तर असं, की स्पॅनिशला बाजारात भाव आला. ते खोटं नाही. पण बाजारभावाने सात वर्षांचं मूल भाषा शिकत नाही. ते बघतं, की या भाषेला शाळेत काम काय दिलं आहे.

१९५९च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडलेली कुटुंबं मायामीत आली. तिथल्या कोरल वे प्राथमिक शाळेने १९६३मध्ये एक वेगळीच वाट धरली: क्यूबन आणि अमेरिकन मुलं एकाच शाळेत, अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश. महत्त्वाचं म्हणजे स्पॅनिशचा नुसता तास नव्हता, त्या भाषेत इतर विषयही शिकवले जात. कालपर्यंत निर्वासित म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाकडे शेजारचं गोरं पोर अडलेलं विचारणार, ही गोष्ट साधी नाही.

याउलट बहुतेक अमेरिकी शाळांत संस्कृतीच्या नावाने जे होतं ते स्नेहसंमेलनाच्या पातळीवरचं. पाच मे आला की कागदी टोप्या आणि टाको. १८६२ साली पुएब्ला इथे मेक्सिकोने फ्रेंच फौजेला हरवलं, त्या लढाईचा हा दिवस. पण तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असल्याचा समज अमेरिकेत घट्ट बसला आहे. स्वातंत्र्यदिन असतो १६ सप्टेंबरला. आणि वर्गातल्या कोलंबियाच्या किंवा डॉमिनिकन मुलीचं या पुएब्लाशी नातं काय? तिलाही टोपी घालून उभं करतात. पितरांच्या दिवसांत मेक्सिकोत घरोघरी झेंडूची आरास मांडतात, तीही या शाळांत कवटीच्या चित्रात रंग भरण्यावर निभावते.

चांगल्या द्विभाषिक वर्गातही एक खोट राहतेच. इंग्रजी घरातलं पोर स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोललं की टाळ्या पडतात. मेक्सिकन घरातली मुलगी इंग्रजी बोलते, ते मात्र तिने बोलायलाच हवं असं धरलेलं असतं. शिक्षकाला हे दिसत नसेल, तर अर्धा-अर्धा दिवस वाटून फारसं साधत नाही.

अमेरिकेतली कितीतरी मराठी मुलं या सगळ्यात आहेत. शाळेत ती स्पॅनिश शिकतात आणि रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या वर्गात मराठी. मराठीच्या वाट्याला बहुधा गाणी, श्लोक आणि गणपती येतात. आठवड्याच्या एवढ्याशा वेळात शिक्षक तरी आणखी काय करणार? मराठी ही सणासुदीला काढायची भाषा, असा हिशेब मुलं मनाशी कधीच करून बसलेली असतात. तरी घरी पाढे मराठीत म्हणायला कुणी अडवलेलं नाही.