निरुपायाचा टांका

जें करण्यावांचून गत्यंतरच नाहीं, तें केल्याचें श्रेय करणाऱ्यास द्यावें कीं नाहीं, हा नीतिशास्त्रांतला एक जुना वाद आहे. ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्याच्या उपवासाला आपण व्रत म्हणत नाहीं. कांटचें तर म्हणणें असें कीं, ज्या कृतीच्या मुळाशीं कर्तव्यबुद्धि आहे तिलाच नैतिक मोल. स्वार्थानें अगर आवडीनें घडलेली कृति योग्य असली, तरी तिला तें मोल नाहीं. या मताची परीक्षा पाहण्यास मला एक अगदीं साधें ठिकाण सोयीचें वाटतें. तें म्हणजे शिडाच्या लहान होडींत महिनोनमहिने राहणाऱ्या माणसाचें शिवणकाम.

तीस-बत्तीस फुटांची होडी म्हणजे एका लहान खोलीएवढें घर. स्वयंपाक, निजणें, नकाशे, दोरखंड, पाण्याचा सांठा, सर्व तेवढ्यांतच. कोणतीही वस्तु आंत घ्यावयाची, तर ती कशासाठीं याचें उत्तर प्रथम द्यावें लागतें. तरीही सुईदोऱ्याच्या पिशवीला तेथें जागा मिळतेच. होडी कलली असतां निजलेला मनुष्य खालीं पडूं नये म्हणून बिछान्याच्या कडेला ताणावयाचा कापडी पडदा, गाद्यांच्या खोळी, उन्हासाठीं छत, भिंतीला टांगावयाच्या पिशव्या, हीं सारीं सुईचींच कामें. आणि सर्वांत मोठें काम शिडाचें.

शिडाच्या जाड कापडांतून सुई नुसत्या बोटांनीं जात नाहीं. तळहातावर चामड्याचा पट्टा चढवितात. त्यांत बसविलेल्या धातूच्या चकतीनें सुई रेटावयाची. ही सुई टोंकाशीं तिधारी असते; आपल्या दाभणाची ती धाकटी बहीणच. दोऱ्याला मेण चोळावें लागतें. पूर्वींच्या सुती कापडांत टांका रुतून बसे. आजच्या कृत्रिम धाग्याच्या कडक कापडावर तो वरच राहतो, म्हणून दोरखंडांशीं घांसून आधीं तोच झिजतो. उन्हानेंही कापडापूर्वीं दोरा दुबळा होतो. त्यामुळें शीड पुष्कळदां उसवतें तें शिवणीपाशीं. सकाळीं सुटलेला एक टांका दुपारपर्यंत वीतभर होतो, आणि रात्रीं वारा वाढला म्हणजे शिडाच्या चिंध्या होतात.

१९६८ सालीं लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्रानें एक स्पर्धा जाहीर केली. एकट्यानें, कोठेंही न थांबतां, कोणाचें साहाय्य न घेतां पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. नऊ जण निघाले. पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं. त्यांची 'सुहेली' ही सुमारें बत्तीस फुटांची सागवानी होडी आपल्या मुंबईच्या कारागिरांनीं बांधलेली. १४ जून १९६८ रोजीं फाल्मथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजीं, म्हणजे ३१२ दिवसांनीं, ते तेथेंच परतले. वाटेंत होडीला गळती लागली, तेव्हां कॅनव्हासची पट्टी घेऊन त्यांनीं पाण्याखालीं बुड्या मारल्या आणि ती फटीवर ठोकली. एकदां शीड शिवतां शिवतां त्यांची मिशीच दोऱ्यांत गुंतून शिडाला बांधली गेली. अखेर हिसका देऊन त्यांनीं ती सोडविली. जवळ दुसरें माणूस नसणें म्हणजे काय, हें या हास्यास्पद प्रसंगाइतकें क्वचितच कशानें कळेल.

आतां कांटचा अनुयायी विचारील, यांत सद्गुण कोणता? न शिवावें तर बुडावें. हें केवळ शहाणपण झालें. आक्षेप खरा, पण अर्धाच. निरुपाय मनुष्याच्या हातीं सुई देतो. टांका कसा घालावा हें तो सांगत नाहीं. लांब लांब टांके घातले तरी आजचा दिवस निभावतो. कड दुमडून, दोऱ्याला मेण लावून, बोटें दुखत असतां बारीक टांके घालावयाचे, तें उद्यांच्या वादळासाठीं. वाटेल, तेंही स्वतःसाठींच. परंतु वादळांतला, अंधारांत भिजलेला, भ्यालेला तो मनुष्य आजच्या स्वस्थ उन्हांत बसलेल्याला जवळजवळ परकाच असतो. न दिसणाऱ्या परक्याच्या संकटासाठीं आज कष्ट सोसावयाचे, हीच तर नीतीची पहिली पायरी. सद्गुण कृतीच्या अभ्यासानें अंगीं बाणतो, असें ॲरिस्टॉटलनें म्हटलें, तें येथें मला अधिक पटतें.

मात्र समुद्र सर्वांनाच प्रामाणिक करतो, असें म्हणण्याची सोय नाहीं. त्याच स्पर्धेंत डोनाल्ड क्रोहर्स्ट होते. होडी सदोष, तयारी अपुरी, आणि माघार घ्यावी तर सर्वस्व जावयाचें. ते अटलांटिकमध्येंच राहिले, आणि आपण पुढें जात आहों असे खोटे ठावठिकाणे कळवीत राहिले. दुरुस्तीसाठीं लागणारें सामान जवळ नव्हतें. त्याकरितां नियम मोडून ते गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागले. १० जुलै १९६९ रोजीं त्यांची होडी रिकामी सांपडली. त्यांना दोष देणें सोपें आहे. मला त्यांची कींव अधिक येते. फाटकें शीड त्याच रात्रीं जाब विचारतें. नोंदवहीतलें खोटें वाऱ्यानें फाटत नाहीं. जी वस्तु जाब देते ती मनुष्याला शिकविते. जी देत नाहीं तेथें त्याला स्वतःच स्वतःचा वारा व्हावें लागतें, आणि हें फार थोड्यांना साधतें.

आपण जमिनीवरचीं माणसें पुष्कळशीं त्या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंतच वावरतों. कच्चें शिकविलें तर तो वर्ग पुढें जातो; कच्ची इमारत बांधणारा तींत राहत नाहीं; घाईनें तपासलेल्या उत्तरपत्रिकेचें फळ दुसराच भोगतो. आपला उसवलेला टांका फाटतो तो दुसऱ्याच्या रात्रीं. घरोघरीं गोधडी शिवली जाई, तेव्हां निदान एका वस्तूपुरतें तरी शिवणारें आणि पांघरणारें माणूस एकाच छपराखालीं असे. आज फाटलें तें टाकण्याची सोय झाली. ही सोय वाईट नव्हे; पण तिच्यामुळें जाब देणारी आणखी एक वस्तु घरांतून गेली.

नॉक्स-जॉन्स्टन यांनीं आपलें पांच हजार पौंडांचें बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकलें. तेथें वारा नव्हता, वादळ नव्हतें, निरुपाय तर मुळींच नव्हता. तीनशें बारा दिवसांच्या निरुपायानेंच तें औदार्य शिकविलें, असें मी म्हणणार नाहीं. निरुपायांत चांगला टांका घालणारा हात निरुपाय सरल्यावरही तसाच चालूं शकतो, एवढेंच त्यावरून म्हणतां येईल. आणि आपल्यासारख्यांना आशा वाटावयास तेवढें पुरेसें आहे.