औषधाच्या नावाने

मागील माघात निफाड तालुक्यातील एका गावी सप्ताहाला जाण्याचा योग आला. काल्याचे कीर्तन झाले, पंगती उठल्या, आणि मी ओटीवर जरा टेकलो तोच एक गृहस्थ जवळ येऊन बसले. वय साठीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, द्राक्षबागेचे धनी. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "महाराज, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा की, आबा. रागवायचं काय त्यात?"

"जावईबापूंनी शहरातून एक बाटली आणलीय. लाल वाइन. म्हणतात, ही दारू नव्हे, द्राक्षाचाच रस. रोज रात्री जेवताना एक पेला घ्या, हृदयाला चांगली असते. आता औषधच असेल, तर माळेसकट चालेल का? की माळ खुंटीला ठेवून घेऊ?"

आबा चेष्टा करीत नव्हते. जीव वाचला आहे, तो जपावा असे त्यांना वाटत होते, आणि माळही मोडू नये असे वाटत होते. मी लगेच उत्तर दिले नाही. का, ते आधी सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या दिंडीतील एका टाळकऱ्याने मला असेच विचारले होते. थंडीत त्याला खोकल्याची उबळ येई. कोणीतरी त्याला कपभर कोमट पाण्यात थोडी ब्रँडी घ्यायला सांगितले होते. मी घाईत होतो, पुढच्या गावी कीर्तन होते. जाता जाता म्हणालो, "औषधाला दोष नाही रे!" वाक्य शास्त्राला धरून होते, म्हणून मला त्याचा विचार करावासा वाटला नाही. पुढे खोकला गेला, पण कप राहिला. कपाचा पेला झाला, पेल्याची बाटली झाली. चार वर्षांनी तो गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको एवढेच म्हणाली, "बुवा, तुम्हीच म्हणाला होतात ना, औषधाला दोष नाही?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरोखरच विचारीत होती. मला उत्तर देता आले नाही. म्हणून आता हा प्रश्न आला की मी घाई करीत नाही.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडू. जावईबापू अगदीच हवेत बोलत नव्हते. फ्रान्स देशातील लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू त्या मानाने कमी, हे कोडे विद्वानांपुढे होते. सर्ज रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे श्रेय बऱ्याच अंशी वाइनला दिले. १९९१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात ही गोष्ट आली आणि तिकडे लाल वाइनचा खप एकदम वाढला. १९९२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात रेनो यांचा लेखही प्रसिद्ध झाला. पुढे द्राक्षाच्या सालीत 'रेस्व्हेराट्रॉल' नावाचे द्रव्य असते, ते रक्तवाहिन्यांना हितकर, अशी भर पडली. आणि गंमत पाहा, त्याच १९९१ साली खुद्द फ्रान्सने मद्याच्या जाहिरातींना आवर घालणारा कायदा केला. अतिमद्यपान आरोग्यास घातक आहे, अशी सूचना जाहिरातीत देणे त्याने भाग पाडले. ज्यांच्या घरचे कोडे, ते स्वतः त्याला भुलले नव्हते.

आपले ग्रंथही एकसुरी नाहीत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे. विधीने, मात्रेने, योग्य काळी, हितकर अन्नासह, बल पाहून घेतलेल्या मद्याचे गुण तेथे मोकळेपणाने सांगितले आहेत, आणि तेच मद्य अविधीने घेतले तर विषासारखे होते, हेही सांगितले आहे. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके उलट आहेत, हे चरकाचे निरीक्षण वैद्यांनी आजही वाचावे असे आहे. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट ही औषधे आपल्याकडे आहेतच, आणि त्यांत संधानाने तयार झालेले थोडे मद्य असते, हे लपवण्याचे कारण नाही.

आता उत्तरपक्ष. पाठशाळेत आम्हांला तर्कसंग्रह शिकवताना गुरुजी उपाधीचे उदाहरण देत. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हटले तर ते चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ते ओले लाकूड म्हणजे उपाधी. ते ज्याला दिसले नाही, तो सारे श्रेय अग्नीला देऊन मोकळा होतो.

वाइनच्या बाबतीत असेच झाले. जो रोज जेवताना बेताने एकच पेला घेतो, तो माणूस बहुधा सुस्थितीतला, शिकलेला, भाजीपाला खाणारा, वेळेवर वैद्याकडे जाणारा असतो. त्याचे हृदय बरे राहिले तर ते पेल्यामुळे की बाकीच्या नीट जगण्यामुळे? दुसरी गोष्ट. ज्यांच्याशी त्याची तुलना केली, त्या 'न पिणाऱ्यांत' असे पुष्कळ लोक होते की जे पूर्वी पीत होते आणि प्रकृती बिघडली म्हणून सोडून बसले होते. आजारी माणसांच्या रांगेशेजारी उभे केल्यावर कोणीही धट्टाकट्टाच दिसणार! १९८८ साली ब्रिटिश पुरुषांच्या पाहणीवरून हे दोषस्थान विद्वानांनी दाखवून दिले होते.

मग उपाधी काढून पाहण्याची युक्ती निघाली. काही माणसांची घडणच जन्मतः अशी असते की त्यांना मद्य सोसत नाही, म्हणून ती कमी पितात. ही घडण श्रीमंती-गरिबी पाहून येत नाही. २०१४ साली अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे आढळले की अशा कमी पिणाऱ्यांतच हृदयविकार कमी. २०१९ साली चीनमधील पाच लाखांवर लोकांच्या अभ्यासात याच मार्गाने पाहिले, तेव्हा बेताच्या पिण्याने पक्षाघात टळतो ही समजूत टिकली नाही. पिणे वाढले तसा धोका वाढत गेला.

रेस्व्हेराट्रॉलचे म्हणाल, तर लाल वाइनच्या एका लिटरमध्ये ते अवघे काही मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेत वापरलेल्या मात्रा त्याच्या कितीतरी पट. पेल्यांनी तेवढे घ्यायचे तर हृदयाआधी यकृत रजा घेईल. आणि ते द्रव्य मूळचे द्राक्षाच्या सालीतले. आबांच्या मांडवाखाली ते फुकट लोंबते आहे!

उलट बाजूला जे आहे ते तर्काचे नाही, पक्के आहे. वाइनमध्ये शंभरात सुमारे बारा-तेरा भाग मद्यार्क असतो. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात साधारण चौदा ग्रॅम. ही दारू नव्हे हे म्हणणे टिकत नाही. शरीरात त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते, आणि ते पेशींच्या गाभ्याला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्य हे मनुष्यात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन ही त्याची ठिकाणे. रक्तदाब वाढतो, हृदयाची लय बिघडू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर एकदम उतरते, झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे गणित चुकते. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितले की मद्याची निर्धोक अशी मात्रा दाखवता येत नाही. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे सव्वीस लाख मृत्यूंना मद्य कारण झाले, असा त्या संघटनेचा हिशेब आहे.

तरी प्रामाणिकपणाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाद मिटलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमींच्या अहवालाने, बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यू कधीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसतात असे मध्यम खात्रीने म्हटले. त्याच अहवालात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असेही म्हटले आहे. हा प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगाने सोडवावा म्हणून तिकडे एक मोठी चाचणी योजली होती. पण तिच्या खर्चात मद्यविक्रेत्यांचाच पैसा होता आणि आखणीत त्यांचा हात पोचला होता असे उघड झाले, तेव्हा २०१८ साली ती बंद करावी लागली. म्हणून 'वाइनने काडीचाही लाभ नाही हे सिद्ध झाले' असे मी ओटीवर बसून ठोकून देणार नाही. सिद्ध झाले ते एवढेच: लाभ संशयित आहे, हानी निश्चित आहे. संशयित लाभासाठी निश्चित हानी पत्करणे याला शहाणपण म्हणत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, "बुवा, मग झालंच की. तुमची माळच खरी ठरली." सज्जनहो, हा मोह मला टाळायचा आहे. माळकऱ्याने मद्य सोडले ते यकृतासाठी नव्हे. ते व्रत आहे. व्रताला वैद्यकाचा टेकू दिला की उद्या टेकू हलल्यावर व्रतही हलते. उद्या एखाद्या अहवालाने वाइनचा लाभ सिद्ध केला, तर काय आपण माळा काढून ठेवणार? आणि उलटही तेच. ज्याने व्रत घेतले नाही, त्याला आपल्या व्रताची भीती घालून वैद्यकातले खोटे सांगणे हेही पापच. दोन प्रश्न दोन ठिकाणी ठेवावेत. प्रकृतीचे वैद्याला विचारावे, व्रताचे आपल्या मनाला.

खरा प्रश्न तिसराच आहे, आणि तो नावाचा आहे. औषध कशाला म्हणावे? औषधाला रोग असतो, मात्रा असते, मुदत असते, देणारा वैद्य असतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे बरे वाटल्यावर ते सुटते, सुटल्याचा आनंद होतो. काढा संपला म्हणून कोणी हळहळलेला मी पाहिला नाही. ज्याची वाट संध्याकाळपासून पाहिली जाते, ज्याच्यासाठी पाहुणे बोलवावेसे वाटतात, ते कदाचित सुख असेल, औषध नव्हे. सुख हवे असेल तर सुख म्हणून घ्यावे आणि त्याची किंमत उघड्या डोळ्यांनी मोजावी. त्याला आरोग्याचे पांघरूण घालू नये. हे पांघरूण जुने आहे. घटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमाने दारूबंदीचे ध्येय सांगताना औषधी उपयोग तेवढा वगळला, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आरोग्य राखण्यासाठी मद्याचा परवाना ठेवला गेला. अपवाद योग्यच होता. पण अपवादाच्या दारातून किती निरोगी लोक आत शिरले, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मीमांसक विधी आणि अर्थवाद असा भेद करतात. आज्ञा ती विधी, स्तुती तो अर्थवाद. 'द्राक्षात अमुक गुण आहे' ही स्तुती. तिच्यावरून 'म्हणून रोज पी' असा विधी आपण आपल्या जिभेने काढतो, आणि सही मात्र शास्त्राची दाखवतो.

महाभारतातील कचाची गोष्ट आपण जाणता. असुरांनी कचाची राख सुरेत कालवून शुक्राचार्यांना पाजली. संजीवनी जाणणारा तो महाज्ञानी, पण पेल्यात काय मिसळले आहे ते त्याला दिसले नाही. आपल्या पेल्यातही आरोग्याबरोबर काही कालवलेले असते: कोणाचा व्यापार, कोणाचा आग्रह, आपलीच एखादी लपलेली इच्छा. पिण्यापूर्वी ते पाहावे. आणि जो दुसऱ्याला 'चालेल' म्हणतो, त्याने तर दहादा पाहावे. मी पाहिले नव्हते.

एक सूचना मात्र अवश्य करतो. हा लेख वाचून रोज पिणाऱ्या कोणा आप्ताची बाटली तडकाफडकी फोडू नका. पुष्कळ वर्षे पुष्कळ पिणाऱ्याने एकदम सोडले तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. त्याला दवाखान्यात न्यावे, वैद्याच्या देखरेखीखाली सोडवावे. तो आजारी आहे. त्याला टाकून बोलू नये.

आता आबांचे. मी त्यांना म्हणालो, "आबा, माळेचं नंतर बघू. आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, गोळ्यांची चिठ्ठी पुढं ठेवा आणि सरळ विचारा. जावयालाही बरोबर न्या. त्यांनी प्रेमानंच आणलीय." पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितले होते, हृदयासाठी म्हणून कोणी नव्याने पिऊ लागावे असे मी सांगणार नाही. तुम्ही रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेता, तुम्ही तर नाहीच. रोज चाला, मीठ कमी करा.

"मग बाटली?" मी विचारले.

"जावईबापू परत घेऊन गेले. पण महाराज, खरं सांगू? डॉक्टर हो म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं एक क्षण वाटलं मला."

मी म्हणालो, "आबा, ते वाटलं हे तुम्हांला कळलं, याला मी मोठी गोष्ट मानतो."

त्या टाळकऱ्याच्या बायकोला मात्र द्यायचे उत्तर अजून राहिलेच आहे. औषधाला दोष नाही, हे खरे. औषध कोणते हे न पाहता बोलणाऱ्याला आहे.

रामकृष्णहरी.