नंबर कुठून मिळाला?

हैदराबादजवळच्या सायबराबाद पोलिसांनी मार्च २०२३ मध्ये लोकांची माहिती विकणारी एक टोळी पकडली, तेव्हा तिच्याकडे १६ कोटी ८० लाख लोकांचे तपशील असल्याचे उघड झाले. पुढच्या काही दिवसांत आणखी एकाला अटक झाली. त्याच्याकडचा आकडा ६६ कोटी ९० लाख व्यक्ती आणि संस्थांचा होता. संरक्षण दलांतले कर्मचारी, नीटचे विद्यार्थी, पॅनकार्डधारक अशी वर्गवारी लावून माल तयार ठेवलेला. पन्नास हजार जणांची माहिती दोन हजार रुपयांतही विकली जाई, असे पोलिसांनी सांगितले. म्हणजे माणशी चार पैसे. संतापाचा सगळा रोख विकणाऱ्यांवर राहिला आणि ते रास्तच होते. पण भाव ठरतो तो गिऱ्हाईक असते म्हणून, आणि अशा याद्यांचे प्रत्येक गिऱ्हाईक भामटे नसते. प्लॉट विकणारे, क्लासवाले, विमा एजंट, देणग्या मागणाऱ्या संस्था, झालेच तर नवे पुस्तक वाचकांपर्यंत पोचवू पाहणारा एखादा प्रकाशक, यांनाही नंबर हवेच असतात.

नंबर शोधणे हे आज रीतसर शिकवले जाणारे कौशल्य आहे. हैदराबादचे अमीरपेठ संगणकाच्या क्लासेससाठी प्रसिद्ध. तिथे डिजिटल मार्केटिंगही शिकवतात आणि ‘लीड’, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांचे संपर्क, कशा गोळा करायच्या हा त्या विद्येचाच भाग. कंपनीच्या ईमेलची धाटणी ओळखून एखाद्या अधिकाऱ्याचा पत्ता ताडायचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले सदस्य उतरवून घ्यायचे, वेबसाइटवरचे नंबर एका फटक्यात एक्सेलमध्ये ओढायचे. यात चोरी दरवेळी असतेच असे नाही, पण तेवढ्याने ते योग्य ठरत नाही. हेलन निसनबॉम या अभ्यासक दोन दशकांपूर्वीपासून मांडत आल्या आहेत की, माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे संकेत तिच्यासोबतच जातात. डॉक्टरकडे लिहून दिलेला नंबर औषधोपचारासाठी असतो. तोच गृहकर्जवाल्याच्या हाती पडला की अंक तेच राहतात, परवानगी मात्र उरत नाही. म्हणून मला एकच कसोटी उपयोगाची वाटते. ज्याला फोन केला तो पहिल्यांदा विचारतो, ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ या प्रश्नाला न अडखळता खरे उत्तर देता आले, आणि ते ऐकून समोरच्याला आश्चर्य वाटले नाही, तर शोध सरळ होता. ‘आमच्या सिस्टिममध्ये आहे’ हे काही उत्तर नव्हे.

यावर हमखास म्हटले जाते की जे उघड आहे ते वापरायला हरकत कसली. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत अख्ख्या शहराची नावे पत्त्यांसकट छापलेली असतच ना. असत. पण आपण त्या पुस्तकात आहोत हे प्रत्येक वर्गणीदाराला ठाऊक असे, आणि पानांवरून बोट फिरवत एका दिवसात पन्नास हजार घरी फोन लावणे कुणालाही शक्य नव्हते. शोधणाऱ्याला पडणारे कष्ट हेच शोधले जाणाऱ्याचे संरक्षण होते. ते कष्ट संपले आणि उघडपणाचा अर्थ बदलला. कायदा इथे फार मदत करत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र, माणसाने स्वतःच सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली. कायद्याने मोकळीक दिली एवढ्याने औचित्याचा प्रश्न सुटत नाही. उलट तो सगळा शोधणाऱ्याच्या अंगावर येतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. पत्ते दडवायचे म्हटले तर सत्तेवर बसलेल्यांना जाब कसा विचारायचा? माझी कसोटी इथे अडसर होत नाही, असे मला वाटते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची आपणहून प्रसिद्ध करायला सांगितले आहे. त्या सूचीतला नंबर नागरिकाने वापरावा म्हणूनच तिथे असतो. अडचण त्याच अधिकाऱ्याच्या पत्नीचा मोबाइल शोधून काढला की सुरू होते.

उरतो तो लहान उद्योजक. जाहिरातीला पैसा नाही, ओळखी नाहीत. दारे ठोठावली नाहीत तर धंदा उभा कसा राहणार? त्याची बाजू खरी आहे, आणि सरळ मार्ग त्याला महाग पडतो हेही नाकारता येत नाही. हॉटेलने आपल्या खरेदी विभागाचा म्हणून दिलेल्या ईमेलवर मसालेवाल्याने लिहिणे योग्यच. त्याच हॉटेलच्या आचाऱ्याला रात्री घरच्या नंबरवर गाठणे नव्हे. यात पत्ते कमी मिळतात. हजारांऐवजी चाळीस, आणि त्यातलेही बरेच उत्तर देत नाहीत. पण हजारांच्या यादीचा खर्च यादी घेणारा भरतच नाही, तो फोन उचलणारे भरतात. आज कित्येक लोक अनोळखी नंबर उचलतच नाहीत. त्यात बँकेचा खरा फोन आणि इस्पितळाचा निरोपही बुडतो. ‘एका फोनने काय बिघडते’ असे म्हणणारा आपला एकच फोन मोजतो, घेणाऱ्याला त्या दिवशी आलेला तो बारावा असतो.

माझी कसोटी जिथे खरोखर डळमळते ती जागा आपल्या घरातलीच आहे. परप्रांतात विखुरलेल्या मराठी कुटुंबांत वधू-वरांच्या याद्या हातोहात फिरतात. मुलीचे शिक्षण, पगार, जन्मवेळ आणि वडिलांचा मोबाइल एकाच ओळीत. नंबर कुठून मिळाला, याचे उत्तर इथे चटकन येते: मंडळाच्या यादीतून. ऐकणाऱ्यालाही नवल वाटत नाही. मात्र यादीत नाव घालताना त्या मुलीला विचारले होते का, हे फोन करणाऱ्याला माहीत नसते आणि पुष्कळदा वडिलांनाही तो प्रश्न सुचलेला नसतो.