गुंजेचे विष आणि उद्धरणांची मोजदाद

सोनाराच्या तराजूत पिढ्यानपिढ्या वजन म्हणून बसलेली गुंज ही अत्यंत विषारी बी आहे. टरफल कठीण असल्याने अख्खी गिळली तर ती बहुधा तशीच बाहेर पडते. चावली किंवा कुटली, तर आतले अ‍ॅब्रिन मोकळे होते. हे प्रथिन पेशीत शिरून रायबोसोम निकामी करते, नवी प्रथिने घडणे थांबते आणि पेशी मरते. १८९१ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी एरंडीतले रिसिन आणि गुंजेतले अ‍ॅब्रिन उंदरांना मात्रा वाढवत वाढवत दिले. एरवी जीव घेणारी मात्रा ते उंदीर सोसू लागले. पण रिसिनविरुद्ध आलेले बळ अ‍ॅब्रिनसमोर चालेना. प्रतिकारशक्ती शत्रू नेमका ओळखते, ही रोगप्रतिकारशास्त्राची पायाभूत कल्पना या प्रयोगांतून स्पष्ट झाली.

शंभरहून अधिक वर्षांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. अंजली कारंडे आणि त्यांचे विद्यार्थी याच विषावर काम करत होते. अ‍ॅब्रिनच्या ए-साखळीला धरणारे ‘डी६एफ१०’ हे मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशातून मिळणारे, प्रतिपिंड पेशींना आणि उंदरांनाही विषापासून वाचवते, हे त्यांनी २००८ मध्ये दाखवले. अ‍ॅब्रिनवर आजही मान्यताप्राप्त उतारा नाही, हे लक्षात घेतले की या कामाचे मोल कळते.

असे काम किती मोठे, हे ठरवायची आपली रीत मात्र मला अस्वस्थ करते. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये निबंधांना मिळालेल्या उद्धरणांवरून काढायचा एच-इंडेक्स मांडला आणि काही वर्षांतच संशोधकाची योग्यता एका आकड्यात सांगितली जाऊ लागली. २०१० मध्ये आपल्याकडच्या प्राध्यापकांच्या बढतीत एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आले. वशिलेबाजीच्या तुलनेत आकडा बरा, हा युक्तिवाद मला पटतो. ज्याला गॉडफादर नाही, त्याला आकड्याचाच आधार असतो. पण उद्धरणे मुख्यतः त्या विषयात किती माणसे काम करतात, हे सांगतात. कर्करोगावर हजारो प्रयोगशाळा आहेत, तिथे मध्यम दर्जाच्या निबंधालाही भरपूर वाचक मिळतात. गुंजेची विषबाधा मुख्यतः भारत-श्रीलंकेसारख्या देशांतली. तिच्यावर काम करणारे मोजके, म्हणून उद्धृत करणारेही मोजकेच. श्रीमंत देशांना जे प्रश्न पडत नाहीत, त्यांवर आयुष्य खर्चणाऱ्याला आपणच कमी गुण द्यायचे, हा अन्याय आहे आणि तो आपण स्वतःच्या हाताने करतो.

शिवाय एकाच माणसाचे काम अनेक दिशांना पसरते. कारंडे यांच्या गटाने ग्लायकोडेलिन या प्रथिनाचाही दीर्घ अभ्यास केला. निम्मा पित्याचा असलेला गर्भ आईचे शरीर परका म्हणून का नाकारत नाही, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये विचारला होता. गर्भाशयाच्या अस्तरातले हे प्रथिन प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना मृत्यूकडे नेते, मोनोसाइट या दुसऱ्या प्रतिकारपेशींना मात्र नाही, असे या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केले; मेडावर यांच्या कोड्याचा एक तुकडा त्यात आहे. त्याच वर्षी प्रा. पी. आर. अडिगा व इतरांसोबत त्यांनी रायबोफ्लेविन-वाहक प्रथिन स्तनाच्या कर्करोगाची खूण ठरू शकते, हेही मांडले. विष, गर्भ, कर्करोग: वरवर पाहता यांचा मेळ नाही. यांतल्या बऱ्याच कामामागे हत्यार मात्र एकच, प्रतिपिंड.

हे हत्यार घडवायची हायब्रिडोमा पद्धत १९७५ मध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी शोधली. तिचे पेटंट घेतले गेले नाही, पेशी मागणाऱ्यांना पाठवल्या गेल्या, आणि जगभर विज्ञान त्यावर वाढले. चांगल्या प्रतिपिंडाचा प्रभाव असाच हातोहात जातो. पण प्रतिपिंड घडवणाऱ्या हायब्रिडोमाच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, नळकांड्यांत गोठवून ठेवाव्या लागतात. प्राध्यापक निवृत्त होतात, प्रयोगशाळेची जागा दुसऱ्याला मिळते. मग त्या नळकांड्यांचे काय? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे. उपयुक्त प्रतिपिंड घडवणारा पेशींचा क्लोन अशा ठिकाणी जमा करणाऱ्या संशोधकाला बढतीच्या वेळी एका चांगल्या शोधनिबंधाइतके श्रेय द्यावे, आणि तो क्लोन मागवून वापरणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेची नोंदही त्याच्या नावावर व्हावी.