‘प्रोलिफिक’ म्हणजे किती?

इंग्रजीतील ‘प्रोलिफिक’ या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द आम्हांस सापडत नाही. लेखक असेल तर विपुल लेखन करणारा, आंबा असेल तर भरघोस फळणारा, ससा असेल तर बहुप्रसव, असे आपण प्रसंग पाहून म्हणतो. मुळात हा शब्द प्रजननाचाच. लॅटिनमध्ये ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. पुढे तो ग्रंथांना, चित्रांना आणि क्रिकेटमधील धावांनाही लागू झाला.

याच ‘प्रोलेस’चे दुसरे अपत्य मात्र दरिद्री निघाले. प्राचीन रोमच्या शिरगणतीत ज्यांच्या नावे नोंदण्याजोगी मालमत्ता नसे, त्यांना ‘प्रोलेतारी’ म्हणत. राज्याला देण्यासाठी मुलांखेरीज ज्यांच्यापाशी काही नाही असे लोक. आजचा ‘प्रोलेटॅरिएट’ तेथूनच आला. यात नवल ते काय? शंभर पुस्तके लिहिणाऱ्यास ‘प्रोलिफिक’ म्हटले की तो सत्कार ठरतो आणि झोपडीतील सहा मुलांच्या आईस तेच विशेषण लावले की त्याचा टोमणा होतो. मोजण्याची रीत एकच, मान मात्र माणूस पाहून दिला जातो.

शब्दाची खरी उणीव याहून खोल आहे, असे आम्हांस वाटते. तो संख्या सांगतो आणि गप्प बसतो. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतच असतात. बागायतदार त्यांतील एखादाच राखतो, बाकीचे कापून टाकतो. सगळेच वाढू दिले तर घड भरत नाही. त्याला विपुल आणि सफल यांतला भेद कोशात पाहावा लागत नाही.

संख्येलाच मोल आले की जिच्यापाशी मोजण्यासारखे काही नाही, तिच्यासाठी आपल्या भाषेतही शब्द तयार असतो : वांझ. बाप्तिस्म्याच्या घरी तो कोणी उच्चारीत नाही, तरी कोपऱ्यात बसलेल्या निपुत्रिक मावशीला तो ऐकू येतो. तिने दिराची मुले वाढविली, सासूचे आजारपण काढले. याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

येशूसंघीय इंग्रज कवी जेराल्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनाही हा प्रश्न छळीत होता. भोवती वसंत बहरला असता आपल्या हातून मात्र काहीच जिवंत निपजत नाही, ही तक्रार त्यांनी 1889 साली एका सुनीतात थेट परमेश्वराकडेच केली. त्याच वर्षी, वयाच्या 44व्या वर्षी, डब्लिन येथे ते वारले. कवितांची संख्या बेताची, त्यांतील फारच थोड्या छापलेल्या. ‘प्रोलिफिक’ त्यांना कोणी म्हटले नसते. मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी त्या कविता जपल्या आणि 1918 साली संग्रहरूपाने प्रसिद्ध केल्या. दुसरी आवृत्ती निघावयास 1930 साल उजाडले. आणि त्यानंतरच्या कित्येक इंग्रजी कवींनी त्या वहीतून आपली लय उचलली.